डबा तपासल्याशिवाय माणूस वर पाठवू नका

रस्त्यावरचा दिवा बदलायला, तारांना टेकलेली फांदी छाटायला किंवा खांबावरचा जंपर, म्हणजे दोन तारांना जोडणारा तुकडा, जोडायला जी गाडी येते, तिच्या लांब हाताच्या टोकाला बकेट असते आणि त्या बकेटमध्ये एक माणूस उभा असतो. खालून बघणाऱ्या आपल्याला वाटतं, बकेट फायबरची आहे, याला शॉक लागायचा नाही. गाडीच्या मालकालाही बऱ्याचदा तसंच वाटतं आणि वर चढणाऱ्यालाही तेच सांगून वर पाठवलेलं असतं. हा समज चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. तुम्ही सोसायटीचे सचिव असाल, ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे सदस्य असाल, अशी गाडी भाड्यानं देणारे ठेकेदार असाल, किंवा त्या बकेटमध्ये रोज उभं राहणाऱ्या कुणाच्या घरातले असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

बकेटचं काम माणसाला धरून ठेवण्याचं. ती फायबरग्लासची असली तरी तिला पायरी जोडलेली असते, नटबोल्ट असतात, शेजारी कंट्रोलचे दांडे असतात आणि बाहेरून धूळ व हायड्रॉलिक तेलाचा थर चढलेला असतो. म्हणून जाणकार लोक नुसत्या बकेटला विजेपासूनचं संरक्षण म्हणून मोजत नाहीत. ते संरक्षण देतो तो बकेटच्या आत बसणारा दुसरा डबा. बहुधा पॉलिइथिलिनचा, एकाच साच्यातून निघालेला, कुठेही सांधा नसलेला. त्याला लाइनर म्हणतात. माणूस उभा राहतो तो या लाइनरमध्ये.

तो नेमका कधी उपयोगी पडतो, हे समजून घेऊ. ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टांच्या, लाइनवर काम चाललं आहे आणि माणसाचा हात चुकून एका फेजला लागला. फेज आणि जमीन यांच्यात तिथे साधारण ६,३५० व्होल्ट असतात. गाडीचा वरचा हात, म्हणजे बूम, फायबरग्लासचा, कोरडा आणि स्वच्छ असेल तर बूममधून जमिनीकडे जाणारी वाट बंद असते. पण बकेट त्याच वेळी लोखंडी खांबाला, क्रॉसआर्मला किंवा ताणाच्या तारेला टेकलेली असली तर? काम करताना ती टेकतेच. माणसाच्या मांड्या आणि गुडघे बकेटच्या भिंतीला लागलेले असतात. मग वीज हातातून शिरून छातीतून पायाकडे आणि भिंतीतून खांबात उतरायला बघते. छातीतून ५० मिलिॲम्पिअर, म्हणजे एका ॲम्पिअरचा विसावा भाग, गेला तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्या वेळी मधे उभी असते ती फक्त लाइनरची काही मिलिमीटर जाडीची भिंत. ती अखंड असली तर माणूस वाचण्याची आशा. तिला एक भोक असलं तर नाही.

आणि भोक पडायला फार काही लागत नाही. दिवसभर बुटांचे खिळे आणि खडी तळावर घासली जाते. पाना, पक्कड, क्लँप, नटबोल्ट हातातून निसटतात ते थेट तळाशी आदळतात. झाडं छाटणारे कोयता किंवा करवत बकेटमध्येच टेकवून ठेवतात. तळ आणि भिंत जिथे मिळते तो कोपरा सगळ्यात आधी झिजतो. गाडी वर्षभर उघड्यावर उभी असते, उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यावर पांढरट रेषा उमटतात. त्या रेषा म्हणजे ताण बसल्याची खूण. बकेटच्या तळाशी खडा किंवा लाकडाचा तुकडा राहून गेला आणि त्यावर लाइनर बसवला, की माणसाचं सगळं वजन त्या एका जागेवर येतं आणि तिथून तडा जायला सुरुवात होते. म्हणून लाइनर बसवण्याआधी बकेटचा तळ झाडून घ्या आणि लाइनर तळावर सगळीकडे नीट टेकतो ना, ते हात घालून बघा.

सगळ्यात वाईट नुकसान मात्र माणूस मुद्दाम करतो. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बकेटमध्ये पाणी साचतं. सकाळी उठून ते उपसायचा कंटाळा येतो. मग कुणीतरी ड्रिल घेतो आणि तळाला भोक पाडतो, पाणी आपोआप निघून जावं म्हणून. कुणी हत्यारं अडकवायला भिंतीतून स्क्रू मारून हुक बसवतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण त्या क्षणी लाइनर संपला. पुढे तो कितीही नवा, जाड आणि चकचकीत दिसला तरी त्याच्यात आणि भाजीच्या क्रेटमध्ये फरक उरत नाही. भोक एपॉक्सीनं बुजवून, वरून पट्टी चिकटवून तो परत वापरायचा विचारही करू नका. पाण्याचा बंदोबस्त साधा आहे: काम संपलं की बकेटवर झाकण किंवा ताडपत्री बांधा, आणि तरीही पाणी आलं तर हातपंपानं किंवा फडक्यानं काढा. रोजची पाच-दहा मिनिटं जातील. जाऊ द्या.

डोळ्यांना दिसणारं नुकसान रोज सकाळी तपासायचं. लाइनर सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसून, वाळवून, कोपऱ्यांतून बोट फिरवून. पण सुईच्या टोकाएवढं भोक किंवा आतल्या आत गेलेली भेग नजरेला सापडत नाही. इथे आपल्याकडचे पुष्कळ इलेक्ट्रिशियन म्हणतात, मेगर मारून बघतो. मेगर चांगलं उपकरण आहे, पण ते ५०० किंवा १,००० व्होल्ट लावतं, मोठं असलं तर ५,००० व्होल्ट. काट्यानं इन्फिनिटी दाखवली म्हणजे डबा पास, असं धरू नका. मेगरचे दोन चिमटे लाइनरच्या दोन जागांना लावले, तर बाकीच्या भिंतीबद्दल त्यानं काहीच सांगितलेलं नसतं. लाइनरची चाचणी म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग दोन्ही बाजूंनी विजेखाली आला पाहिजे, आणि वीज प्रत्यक्ष कामापेक्षा कितीतरी जास्त दाबाची असली पाहिजे.

ही चाचणी पद्धतशीरपणे कशी करायची, हे अमेरिकेत अनेक दशकांपासून ठरलेलं आहे. तिथे अशा गाड्यांसाठी एएनएसआय ए९२.२ नावाचं मानक आहे आणि ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचे नियम त्या मानकाचा आधार घेतात. लाइनरला ५० केव्ही एसी दाब एक मिनिट द्यायचा, किंवा १०० केव्ही डीसी तीन मिनिटं. एवढ्यात भिंतीतून वीज आरपार गेली, तर लाइनर नापास. ५० केव्ही एसी म्हणजे लाटेच्या माथ्यावर सुमारे ७० केव्ही. वर सांगितलेल्या ६,३५० व्होल्टांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा, म्हणजे चाचणी किती कडक आहे ते कळेल.

दाब भिंतीच्या कणाकणाला कसा लावायचा, याचं जुनं उत्तर पाणी. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, तसाच हा प्रकार, फक्त इथे हवेऐवजी वीज भोक शोधते. लाइनर पाण्यानं भरलेल्या टाकीत उभा करायचा, आतही पाणी भरायचं, दोन्हीकडे पाण्याची पातळी काठापासून साधारण १५ सेंटिमीटर खाली ठेवायची, आतल्या पाण्याला उच्चदाबाची तार जोडायची आणि बाहेरच्या टाकीला अर्थिंग. पाणी कानाकोपऱ्यात पोचतं, भिंतीला कुठेही सोडत नाही. पद्धत भरवशाची आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही.

अडचण सोयीची आहे. एका माणसाच्या नेहमीच्या बकेटचं माप घ्या: सुमारे ६१ सेंटिमीटर रुंद, ७६ लांब आणि १०७ उंच. काठाखाली १५ सेंटिमीटर सोडून आत भरायचं म्हटलं तरी ४०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे ४०० किलो वजन. बाहेरच्या टाकीचं पाणी वेगळं. डबा टाकीत सोडायला आणि बाहेर काढायला साखळी-कप्पी हवी. काठ ओला राहिला तर भिंत चांगली असूनही काठावरूनच ठिणगी उडते, मग काठ पुसून परत चाचणी. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात पाणी गोठतं. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यात टाकी भरायला पाणी मागायला तोंड होत नाही. शिवाय ५० केव्हीच्या यंत्राभोवती ओली फरशी हा स्वतःच एक धोका. या सगळ्याचा परिणाम एकच होतो: लाइनर काढून प्रयोगशाळेत न्यायचा, गाडी दोन दिवस उभी ठेवायची, त्यापेक्षा पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना येत नाही.

म्हणून पाण्याविना चाचणीची पद्धत मला महत्त्वाची वाटते. तिचं तत्त्व सोपं आहे. पाणी या चाचणीत विजेची वाट बनण्यापलीकडे काही करत नाही. मग पाण्याच्या जागी वीज वाहून नेणारी दुसरी मऊ वस्तू भिंतीला दोन्ही बाजूंनी घट्ट लावली, तर तेच काम होतं. धातूचा पातळ पत्रा, धातूची लवचीक जाळी, वीजवाहक कापड, वीजवाहक रबर किंवा फोम यांपैकी जे लाइनरच्या आकाराला चिकटून बसेल ते घेता येतं. आतला थर उच्चदाबाला, बाहेरचा थर अर्थिंगला. दाब तोच, वेळ तीच, पास-नापासचा निकष तोच. सुक्या वस्तूनं भोक शोधणं काही नवीन नाही. पाइपलाइनच्या लोखंडावर संरक्षक लेप चढवल्यावर उच्चदाबाचा तारेचा ब्रश त्यावरून फिरवतात आणि जिथे लेपाला सुईएवढं भोक असेल तिथे ठिणगी उडते. तेच तत्त्व इथे आहे.

कुणी विचारेल, पाणी भोकात शिरतं, फोम कसा शिरेल? शिरत नाही, पण शिरायची गरजही नाही. हवा साधारणपणे दर मिलिमीटरला ३ केव्ही दाब सोसते. भिंत ५ मिलिमीटर जाडीची धरली, तर तिच्यातलं आरपार भोक म्हणजे ५ मिलिमीटर हवा. ती १५ केव्हीच्या आसपास फुटते. चाचणीचा दाब माथ्यावर ७० केव्ही आहे. आरपार भोक असेल तर ते लपून राहणार नाही.

सुक्या चाचणीत खरी काळजी दुसरीकडे घ्यायची असते: थर आणि भिंत यांच्यात हवेची फट राहता कामा नये. पाण्यात फट राहूच शकत नाही, इथे राहू शकते, आणि ती नेमकी कोपऱ्यात राहते, जिथे लाइनर सगळ्यात जास्त झिजलेला असतो. समजा ५ मिलिमीटर भिंतीशेजारी तेवढीच हवेची फट राहिली. पॉलिइथिलिनच्या गुणधर्मामुळे एसी दाबाचा सुमारे ७० टक्के वाटा फटीतल्या हवेवर पडतो आणि भिंतीच्या वाट्याला ३० टक्केच उरतो. हवा तो ताण सोसत नाही, तिथे चरचर सुरू होते, ओझोनचा उग्र वास येतो, आणि ही चरचर वारंवार झाली तर चांगल्या प्लास्टिकचा पृष्ठभागही खराब होतो. फट त्याहून मोठी असेल तर हवा फुटतही नाही, आणि त्या भागाला पुरा दाब न लागताच तो पास म्हणून सुटतो. म्हणून ज्या ठिकाणी चाचणी करून घ्याल तिथे हा एकच प्रश्न ठामपणे विचारा: कोपऱ्यात आणि तळाला तुमचा थर कसा बसतो, मला दाखवा. चांगला तंत्रज्ञ आनंदानं दाखवेल. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे लाइनर देऊ नका.

डीसीवर चाचणी केली असेल तर आणखी एक गोष्ट. १०० केव्ही तीन मिनिटं दिल्यावर यंत्र बंद झालं तरी प्लास्टिकच्या भिंतीत भार साठून राहतो. अर्थिंगच्या दांड्यानं तो पुरता उतरवल्याशिवाय लाइनरला हात लावायचा नाही, नाहीतर तपासणाऱ्यालाच झटका बसेल. आणि हे सगळं वाचून गॅरेजमध्ये जुना ट्रान्सफॉर्मर आणि फॉइल घेऊन कुणी घरगुती चाचणी करू नका. ५० केव्हीला कुंपण लागतं, दार उघडताच वीज तोडणारी व्यवस्था लागते, दुसरा माणूस लागतो. एनएबीएलची मान्यता असलेल्या उच्चदाब प्रयोगशाळेला विचारा, गाडी बनवणाऱ्या कंपनीला विचारा, की आमच्या लाइनरची चाचणी ५० केव्हीवर कुठे आणि कशी होईल.

पाण्यात करा किंवा पाण्याविना, माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. नीट केलेली कोणतीही एक पद्धत चालेल. चालणार नाही ती न केलेली चाचणी. अमेरिकेतल्या वीज कंपन्या साधारणपणे वर्षातून एकदा गाडीची विद्युत चाचणी करून घेतात. आपल्याकडे काम पावसातलं, ऊन कडक आणि गाड्या उघड्यावर, तेव्हा वर्षाच्या आत करणं शहाणपणाचं, उशीर करणं नाही. लाइनरवर काही जड पडलं, तडा दिसला किंवा तो एखाद्या जिवंत तारेला लागला, तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. तो बाजूला काढा.

चाचणीचा कागद कसा वाचायचा, हेही माहीत असू द्या. त्यावर लाइनरचा स्वतःचा क्रमांक हवा आणि तोच क्रमांक डब्यावर कोरलेला किंवा उठवलेला दिसला पाहिजे. गाडीचा नंबर पुरेसा नाही, कारण लाइनर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातो. तारीख हवी. किती केव्ही, एसी की डीसी, किती मिनिटं, पाण्यात की पाण्याविना, थर काठापासून किती खाली थांबवला, हे लिहिलेलं हवं. चाचणी यंत्राचं स्वतःचं कॅलिब्रेशन कधी झालं, तेही. नुसतं ‘तपासले, योग्य आहे’ असा शिक्का मारलेला कागद कुणाचाही जीव वाचवत नाही.

आता लाइनर काय करू शकत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं, कारण पास झालेला लाइनर माणसाला भलतं धाडस देतो. लाइनर कमरेखालच्या शरीराला वाचवतो. एक हात एका फेजला आणि दुसरा हात, खांदा किंवा डोकं दुसऱ्या फेजला, न्यूट्रलला किंवा खांबाला लागलं, तर वीज वरच्या वर शरीरातून जाते. लाइनर कितीही चांगला असो, तिथे त्याचा उपयोग नाही. त्यासाठी योग्य वर्गाचे रबरी हातमोजे लागतात, आणि त्यांचीही चाचणी लागते. अमेरिकेत ते दर सहा महिन्यांनी तपासतात. आपल्या बाजारात हातमोजे घेताना त्यावरचा वर्ग बघा: वर्ग ० हा १,००० व्होल्टांपर्यंत, वर्ग २ हा १७,००० व्होल्टांपर्यंत. दिव्याच्या कामाचे मोजे घालून ११ केव्हीला हात घालणं म्हणजे उघड्या हातानं घालणं.

आणि बूम? रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ज्या गाड्यांचा हात तळापासून टोकापर्यंत लोखंडी असतो, त्यांच्या बकेटमध्ये प्लास्टिकचा डबा ठेवला म्हणून ती गाडी इन्सुलेटेड होत नाही. तिचा हात तारेला लागला की सगळी गाडी जिवंत होते. अशी गाडी वीज बंद केलेल्या जागी किंवा तारांपासून दूरच वापरायची. भाड्यानं गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, की वरचा बूम फायबरग्लासचा आहे का आणि त्याची चाचणी झाली आहे का. पेंटरनं पिवळा रंग मारून ‘इन्सुलेटेड’ लिहिलं म्हणजे उत्तर मिळालं असं नाही.

आपण सामान्य लोक या कामात नुसते बघे नसतो. सोसायटीतल्या झाडाची फांदी ११ केव्हीच्या तारेजवळ गेली असेल, तर खासगी माळ्याला आणि भाड्याच्या बकेटला बोलावून परस्पर छाटणी उरकू नका. महावितरणला किंवा तुमच्या भागातल्या वीज कंपनीला कळवा, १९१२ वर फोन करा, शटडाऊन घेऊन द्या. ओली फांदी विजेची वाट असते. मान्सूनपूर्व दुरुस्तीसाठी गुरुवारी किंवा कुठल्याही दिवशी चार तास वीज बंद ठेवली, तर त्या चार तासांत वर एक माणूस परमिट घेऊन, तारेला अर्थिंग लावून उभा आहे, हे लक्षात ठेवा. कार्यालयात फोन करून लवकर चालू करा म्हणून दडपण आणू नका.

त्या वेळात घरचा किंवा दुकानाचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय लावू नका. तुमच्या जनरेटरची वीज सर्व्हिस वायरमधून उलटी डीपीकडे जाते आणि तिथलाच ट्रान्सफॉर्मर तिचे ११ केव्ही करून बंद लाइन जिवंत करतो. वरच्या माणसाला कळतही नाही. लाइनर, मोजे, अर्थिंग यातलं काहीतरी त्याला कदाचित वाचवेल, पण त्यावर त्याला अवलंबून ठेवणारे आपण कोण?

गावाकडच्या वाचकांना एक वेगळी विनंती. वीज गेली की डीपीवर चढायला ‘झिरो वायरमन’ला बोलावण्याची सवय अजून आहे. तो गावचाच पोरगा असतो, कामाला तरबेज असतो, दोनशे-तीनशे रुपयांत काम करतो. त्याच्याकडे लाइनर तर सोडाच, तपासलेले मोजेही नसतात, परमिट नसतं आणि त्याला काही झालं तर त्याच्या घरच्यांच्या मागे उभं राहायला कुणी नसतं. त्याला वर पाठवू नका. अंधारात एक रात्र काढा.

बकेटची गाडी काम करत असेल तेव्हा खाली गर्दी करू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, गाडीला टेकून गप्पा मारू नका. बूम इन्सुलेटेड असला तरी त्याचा खालचा भाग आणि गाडी लोखंडी आहे. ती तारेला लागली, तर गाडीला हात लावणारा जमिनीवरचा माणूस वरच्यापेक्षा आधी जातो. असं झालं तर निदान १० मीटर लांब राहा, वीज कंपनीला फोन करा, आणि वीज बंद झाल्याचं त्यांनी सांगेपर्यंत कुणालाही ओढून काढायला धावू नका. ड्रायव्हरनं केबिनमध्येच बसावं. आगीमुळे उतरावंच लागलं, तर गाडी आणि जमीन दोन्हीला एकदम स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय न उचलता, छोटी छोटी पावलं सरकवत लांब जावं.

आता ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांना. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम लागू आहेत. तारांजवळ माणूस पाठवताना त्याची साधनं धड आहेत की नाहीत, हे बघण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निविदेत एक ओळ घाला: बकेटच्या गाडीचा बूम आणि लाइनर यांच्या वर्षभरातल्या उच्चदाब चाचणीचं प्रमाणपत्र, लाइनरच्या क्रमांकासह, कामाआधी सादर करावं. या ओळीमुळे सगळ्यात स्वस्त ठेकेदार कदाचित गळून पडेल. पडू द्या. ठेकेदारांनो, पाण्याची टाकी नाही, गाडी दोन दिवस थांबवता येत नाही, ही अडचण पाण्याविना चाचणीनं बरीच कमी झाली आहे. तीन-चार ठेकेदार एकत्र येऊन आपापले लाइनर एकाच दिवशी तपासून घेऊ शकतात. एक जादा लाइनर विकत घेऊन ठेवला, तर एक चाचणीला गेला असताना गाडी उभीही राहणार नाही.

आणि नागरिकांनो, तुमच्या नगरपालिकेच्या बकेटच्या गाडीचा लाइनर शेवटचा कधी तपासला, हे माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जात विचारता येतं. अर्ज लिहा. सोसायटीत पुढच्या वेळी अशी गाडी आली, तर माणूस बकेटमध्ये चढण्याआधी प्रमाणपत्र मागा, त्यावरचा क्रमांक लाइनरवर जुळवून बघा, आणि कागद नसेल किंवा तळाला भोक दिसलं तर गाडी परत पाठवा.